घरी गेलेल्या रुग्णाची चौकशी

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, टाके निघाले, रुग्ण आपल्या पायांनी चालत घरी गेला, एवढे झाले की रुग्णालयाच्या वहीतील नोंद पुरी होते. शल्यवैद्याची कीर्तीही पुष्कळदा अशाच नोंदींवर उभी राहते. घरी गेलेल्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे मात्र वहीत लिहिलेले नसते. सुमारे १४० वर्षांपूर्वी एका थोर शल्यवैद्याने हा प्रश्न स्वतःलाच विचारला. त्याला मिळालेले उत्तर त्याच्या कीर्तीस बाध आणणारे होते. तरी त्याने ते भर सभेत सांगितले. अवटू ग्रंथीच्या, म्हणजे सर्वसामान्य बोलण्यात जिला थायरॉईड म्हणतात तिच्या, शस्त्रक्रियेचा इतिहास या घटनेभोवती फिरतो. आज कोणाच्या घरी या ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण असेल, तर त्याच्याकडे काय पाहावे आणि का पाहावे, हेही या इतिहासावरूनच उमगते.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागी, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार असून वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पावणेदोन तोळ्यांच्या आसपास भरते. अन्नातील आयोडीन वेचून घेऊन ती एक स्राव तयार करते आणि सरळ रक्तात सोडते. शरीरात ऊर्जा किती वेगाने खर्च व्हावी, हे या स्रावावर अवलंबून असते. चुलीतील जाळ मागेपुढे करावा तसे तिचे काम चालते. जाळ कमी पडला तर माणूस थंड, सुस्त, जड होतो. तो बेताबाहेर भडकला तर छाती धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही, भूक असूनही अंग झडते, झोप उडते आणि पुष्कळांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागतात. इंग्लंडातील बाथ गावच्या केलेब पॅरी यांनी या दुसऱ्या विकाराची टिपणे करून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली प्रसिद्ध झाली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली त्याचे वर्णन केले. ग्रेव्हज यांचेच नाव या रोगाला चिकटले.

येथे एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. आयोडीनच्या अभावाने गळा सुजतो, तो गलगंड निराळा. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश त्याकरिता प्रसिद्ध आहेच. पण गुजरातेतील भडोच आणि महाराष्ट्रातील औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांतील पाहण्यांतही तो आढळला आहे. त्या गलगंडात ग्रंथी मोठी झाली तरी तिचा स्राव बहुधा गरजेहून अधिक नसतो. ग्रेव्हजच्या रोगात ती गरजेहून अधिक काम करते. एकीवर मीठातील आयोडीन हा उपाय आहे. दुसरीला आवर घालावा लागतो. आवर घालण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे शस्त्राने ग्रंथीचा भाग काढून टाकणे.

हा मार्ग सोपा नव्हता. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. त्याचे वात, कफ आणि मेद यांच्या दोषाप्रमाणे प्रकारही पाडलेले आहेत. त्याच ग्रंथात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस असलेली ‘नीला’ आणि ‘मन्या’ ही मर्मे सांगितली असून, तेथे इजा झाल्यास मुकेपणा येतो, आवाज बिघडतो आणि जिभेची चव जाते, असा इशारा दिला आहे. गळा ही शस्त्र चालवण्याची निर्धोक जागा नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. या ग्रंथीतून रक्ताचा प्रवाह फार मोठा वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील नामांकित शल्यवैद्यही तिला हात लावण्यास धजत नसत. थिओडोर बिलरोथ यांनी झुरिच येथे १८६० नंतरच्या काही वर्षांत अशा शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा दर पाच रुग्णांमागे जवळजवळ दोन दगावले. बिलरोथ यांनी ते काम कित्येक वर्षे सोडूनच दिले. गुंगीचे औषध, जंतुनाशक उपाय आणि रक्तवाहिन्या चिमटीत धरणारी अवजारे ही तिन्ही हाताशी आल्यावरच परिस्थिती पालटली.

ती पालटवण्यात सर्वांत मोठा वाटा स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या थिओडोर कोखर यांचा. ते १८४१ साली जन्मले आणि एकतिसाव्या वर्षीच तेथील विद्यापीठात शल्यवैद्यकाचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या खोऱ्यांत त्या काळी गलगंड घरोघर होता. त्यामुळे रुग्णांना तोटा नव्हता. कोखर यांचा हात संथ आणि काटेकोर होता. एकेक रक्तवाहिनी शोधून, बांधून, मगच ते पुढे सरकत. ग्रंथी स्वच्छ, जवळजवळ रक्ताविना बाहेर निघे. सुरुवातीस शंभरात सुमारे तेरा रुग्ण दगावत; कोखर यांच्या अखेरच्या वर्षांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले. इतक्या सफाईने काम होऊ लागल्यावर ग्रंथीचा अंश कशाला मागे ठेवायचा, असे वाटणे स्वाभाविक होते. ती नेमकी कशासाठी आहे, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. कोखर आणि त्यांचे समकालीन संपूर्ण ग्रंथीच काढू लागले.

१८७४ साली कोखर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच समूळ काढली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मुलगी गावी गेली. पुढे तिच्या गावच्या वैद्याकडून कळले, की ती मुलगी पूर्वीची राहिलेली नाही; ती मंद, सुस्त झाली आहे. १८८२ च्या सप्टेंबरात जिनीव्हाचे शल्यवैद्य जाक-लुई रेव्हर्दँ यांनी कोखर यांना सांगितले, की संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्याही काही रुग्णांत असाच विलक्षण बदल आढळला आहे. कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण तपासणीस आले. त्यांपैकी १६ जणांचे चेहरे सुजकट झाले होते, कातडी कोरडी पडली होती, बोलणे जड झाले होते, बुद्धी मंदावली होती. वाढीच्या वयातील मुलांची उंची खुंटली होती. ज्या मुलीपासून हे सुरू झाले, तिची धाकटी बहीण उंचीने तिच्या पुढे निघून गेली होती.

१८८३ साली बर्लिन येथे जर्मन शल्यवैद्यांची परिषद भरली. कोखर यांच्यापाशी १०१ शस्त्रक्रियांचा हिशेब होता आणि मृत्यूचे घटलेले प्रमाण सांगून टाळ्या मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मात्र या सोळा रुग्णांची हकीगत सांगितली आणि संपूर्ण ग्रंथी काढणे यापुढे आपण वर्ज्य मानतो, असे जाहीर केले. या परिणामाचे खरे कारण त्यांना त्या वेळी उमगले नव्हते. श्वासनलिकेला काही इजा होत असावी, असा त्यांचा तर्क होता आणि तो चुकीचा ठरला. ग्रंथीच नाहीशी झाल्याने हे घडते, असे त्याच वर्षी लंडनच्या फेलिक्स सेमन यांनी सुचवले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. १८८८ साली एका चौकशी समितीने सेमन यांचेच म्हणणे खरे ठरवले. कोखर यांचा तर्क फसला, पण निरीक्षण टिकले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळालेले ते पहिले शल्यवैद्य होत.

हानीचे कारण कळताच उपायही सापडला. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढ्यांच्या अवटू ग्रंथींचा अर्क काढून तो एका स्त्रीला सुईने टोचला. या स्त्रीवर शस्त्रक्रिया झालेली नव्हती, तिची ग्रंथी आपोआप निकामी झाली होती; पण लक्षणे तीच. ती सुधारली आणि पुढे १९१९ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळात अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी या स्रावातील मुख्य द्रव्य, थायरॉक्सिन, शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. १९२७ साली लंडनमध्ये ते प्रयोगशाळेत बनवण्यात आले. आज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची ती बारीक पांढरी गोळी या परंपरेतली आहे.

दुसरी हानी व्हिएन्नात दिसली. बिलरोथ यांनी ग्रंथीची शस्त्रक्रिया पुन्हा हाती घेतल्यावर त्यांच्या काही रुग्णांचे हातपाय शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आखडू लागले. बोटे ताठ होऊन आत वळत, अंगात पेटके येत; काही जण त्यातच दगावले. बिलरोथ यांचे सहायक अँटोन व्योल्फ्लर यांनी १८७९ साली याची नोंद केली. हा धनुर्वात नव्हता, कारण जखमेत विष नव्हते. मग हे काय होते?

याचे उत्तर एका भारतीय प्राण्याच्या शवात आधीच सापडले होते. पण त्याचा अर्थ कोणाला लागला नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली विकत घेतलेला भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ च्या अखेरीस मेला. शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली, तेव्हा अवटू ग्रंथीला चिकटलेला एक छोटा, पिवळसर पिंड त्यांना दिसला आणि त्यांनी तो टिपून ठेवला. माणसाच्या गळ्यातही असे पिंड असतात, हे स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सांदस्त्रोम या तरुणाने १८८० साली सिद्ध केले. त्यांच्या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मसुरीच्या दाण्याएवढ्या या बहुधा चार ग्रंथी, ज्यांना परावटू ग्रंथी म्हणतात, रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखतात. त्या अवटू ग्रंथीबरोबर चुकून निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, की कॅल्शियम उतरते आणि पेटके येतात. कॅल्शियम दिले की पेटके थांबतात, हे अमेरिकेत विल्यम मॅकलम आणि कार्ल फोक्टलिन यांनी १९०९ च्या सुमारास दाखवले.

बर्नचे रुग्ण सुस्त होत आणि व्हिएन्नाच्या रुग्णांना पेटके येत, हा फरक का पडावा? बाल्टिमोरचे विल्यम हॉलस्टेड यांनी दोन्ही शल्यवैद्यांचे काम डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी पुढे या फरकाचा मार्मिक उलगडा केला. कोखर संथपणे, ग्रंथीच्या आवरणाला धरून काम करीत. त्यामुळे अवटू ग्रंथी समूळ निघे, पण शेजारचे ते दाणे जागीच राहत. बिलरोथ यांचा हात वेगवान होता; त्यांच्या हातून अवटू ग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण परावटू ग्रंथी मात्र निघून जात. दोघेही थोर, तरी प्रत्येकाच्या हाताची लकब त्याच्या रुग्णांच्या शरीरावर उमटली.

तिसरी हानी आवाजाची. स्वरयंत्राला चालना देणारे दोन मज्जातंतू छातीपर्यंत खाली उतरून पुन्हा उलटे वर येतात आणि अवटू ग्रंथीच्या मागून जातात. हा तंतू दाबला की ओरडणारे डुक्कर एकदम मुके होते, हे दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने रोममध्ये प्रयोगाने दाखवले होते. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक शल्यवैद्य या तंतूच्या जवळपासही जाऊ नये, असे मानीत. बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ साली उलट मत मांडले: तंतू आधी शोधून डोळ्यांपुढे ठेवावा, दिसत असेल तरच तो वाचवता येईल. आज सर्वत्र हीच रीत पाळली जाते. एका बाजूचा तंतू दुखावला तर आवाज घोगरा होतो; दोन्ही दुखावले तर श्वासच कोंडतो.

या तीन हानी कोणत्याही अवटू शस्त्रक्रियेत संभवतात. चौथी मात्र ग्रंथी भडकलेल्या रुग्णाचीच. फ्रँकफर्टच्या ल्युडविग रेन यांनी १८८० च्या सुमारास अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करून पाहिली आणि इतरांनी तो मार्ग धरला. पण शस्त्रक्रिया सुरळीत होऊनही रात्री रुग्णाला प्रचंड ताप भरे, नाडी बेफाम धावे, वात होई आणि एक-दोन दिवसांत तो दगावे. पाश्चात्त्य वैद्यांनी या अवस्थेला ‘वादळ’ हे नाव दिले. रुग्णाच्या मनातील भीतीनेही ते उठते, अशा समजुतीने क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल रुग्णाला शस्त्रक्रियेचा दिवसच कळू देत नसत. रोज थोडी गुंगी देऊन एके दिवशी नकळत शस्त्रक्रिया उरकीत. मेलबर्नच्या टॉमस डनहिल यांनी १९०७ पासून केवळ जागा बधिर करून काम केले. खरा तोडगा अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी १९२२ च्या सुमारास काढला. आयोडीन या रुग्णांना विषासमान आहे, असा प्रघात होता. प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीनचे थेंब दिले आणि वादळे झपाट्याने घटली. १९४३ साली बॉस्टनच्या एडविन अ‍ॅस्टवुड यांनी ग्रंथीचा स्राव रोखणारी औषधे वापरात आणली. ग्रंथी आधी औषधाने शांत करावी, मगच शस्त्र हाती घ्यावे, हा नियम तेव्हापासून रूढ झाला.

शस्त्रालाही पर्याय निघाला. १९४१ साली बॉस्टनमध्येच सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी आयोडीन रुग्णाला पाजले. अवटू ग्रंथी आयोडीन ओढून घेते, म्हणून किरणांचा मारा नेमका तिच्यावर होतो. भारतात तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६३ साली मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि अवटू ग्रंथीच्या रोग्यांसाठी ते देशभर नावारूपास आले. आज गोळ्या, किरणोत्सर्गी आयोडीन आणि शस्त्रक्रिया असे तीन मार्ग आहेत. ग्रंथी फार मोठी असेल, श्वासनलिका दाबत असेल, कर्करोगाची शंका असेल, औषध सोसत नसेल किंवा डोळ्यांचा विकार तीव्र असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. आणि इतिहासाने एक वळसा पूर्ण केला आहे: कोखर यांनी वर्ज्य केलेली संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत ग्रेव्हजच्या रोगात आज पुन्हा मान्य झाली आहे. अंश मागे ठेवला तर रोग उलटण्याचा संभव राहतो, आणि संपूर्ण काढल्यास उणीव भरून काढणारी गोळी आता हाताशी आहे. मात्र त्या पद्धतीची सुरक्षितता रुग्णाने घरी गोळी घेण्यावर टांगलेली आहे.

अशी घरे कोठे असतात? मुंबईहून सुरतेकडे जाताना उधन्याच्या आधी भेस्तान हे स्थानक लागते. एके काळचे हे गाव आता सुरत महानगरात सामावले आहे. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, कापड रंगवण्याचे कारखाने आणि यंत्रमाग. उधन्याहून तापीच्या काठाकाठाने जळगावला जाणाऱ्या रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावकडची मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या भागात पोटासाठी येत राहिली आहेत. यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. अशा कामावर घाम येणे, हात थरथरणे, अंग झडणे ही सारी कष्टाची लक्षणे वाटतात आणि रोग उशिरा कळतो. शस्त्रक्रिया सुरतेच्या सिव्हिलमध्ये होते, कधी मुंबईस परळला. टाके सुटले की माणूस कामाचा विचार करू लागतो. रुग्णालय आणि घर यांच्यातले अंतर बर्नच्या काळाहून आज कमी झाले आहे. पण ते ओलांडून कोणी चौकशी केली पाहिजे, ही गरज तशीच उरली आहे.

म्हणून घरच्यांनी चार गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिल्या दिवसात गळा फुगू लागला, श्वास घेण्यास त्रास झाला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. क्षणाचाही विलंब घातक. पहिल्या तीन-चार दिवसांत ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातापायांत वांब आले, तर ती अशक्तपणाची खूण न समजता रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. आवाज घोगरा झाला तर तो पुष्कळदा काही आठवड्यांनी सुधारतो. तरी स्वरयंत्र तपासून घेणे इष्ट. पुढे काही महिन्यांत थंडी सोसेनाशी झाली, वजन वाढले, बद्धकोष्ठ झाला, मन कशात लागेनासे झाले, तर गोळीची मात्रा कमी पडते आहे, असे समजून रक्ततपासणी करावी. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. स्त्रीला दिवस गेल्यास तर ती मुळीच बंद करू नये. उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते, म्हणून त्वरित वैद्याकडे जावे.

अनुभवी हातांत यांतील कायमच्या हानी आज शंभरात एक-दोघांच्याच वाट्याला येतात. हे प्रमाण इतके खाली आले, त्यामागे आल्प्सच्या खोऱ्यातील त्या मुलीसारख्या अनेकांनी भोगलेले दुःख आहे, आणि ते दुःख दडवून न ठेवणाऱ्या वैद्यांचा प्रामाणिकपणाही आहे. कोखर यांना आपल्या रुग्णांना पत्रे धाडून बोलवावे लागले होते. आज रुग्णालय घरी जाताना हाती एक कागद देते. त्यावर शस्त्रक्रियेची माहिती, गोळीची मात्रा आणि पुन्हा येण्याची तारीख लिहिलेली असते. तो कागद जपून ठेवावा आणि पाळी बुडाली तरी ती तारीख बुडवू नये.